बिनदुधाचा केक

पिंपळगाव राजात आमच्या गल्लीत सकाळी घराघरातून खलबत्त्याचा आवाज यायचा. भाजीत दाण्याचा कूट, चटणीत दाणे, कढीच्या फोडणीत दाणे. आमच्या घरातला आवाज बंद झाला तो माझा धाकटा भाऊ सिद्धू रांगायचं सोडून चालायला लागला तेव्हा. शेजारच्या काकूंनी कौतुकानं त्याच्या हातात दाण्याच्या लाडवाचा तुकडा दिला होता. थोड्याच वेळात त्याचे ओठ फुगले, अंगावर गांधी उठल्या, आणि श्वास घेताना त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बाबा त्याला मोटरसायकलवर आईच्या मांडीत देऊन खामगावला घेऊन गेले, तिथून ॲम्ब्युलन्सनं अकोल्याला. तो वाचला. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, दाणे बंद, आणि दूधही बंद. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, सगळं. आई म्हणाली, "मंग लेकरू खाईन काय?" बाईंनी तिला बसवलं आणि काय काय खाता येईल ते सांगितलं. मग इंजेक्शनची छोटी कुपी आणि सुई हातात देऊन ती कशी भरायची, मांडीत कुठे टोचायची, हे तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं.

आई घरी ब्लाउज शिवायची. दिवसभर मशीनचा खडखडाट चालू असायचा, आणि मशीनच्या मागे खिळ्याला टेप, कात्री आणि त्या इंजेक्शनचा निळा डबा टांगलेला असायचा. बाबा खामगावच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. संध्याकाळी आले की हाताला ऑइलचा वास असायचा आणि तो साबणानं पूर्ण जायचा नाही. आमच्या ताटात आता जवसाची चटणी आली, तिळाची आली. भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, वरण. सणाला बाकीच्या घरी बासुंदी, आमच्याकडे गुळाचा शिरा तेलात भाजलेला. मला तो आवडायचा नाही. पण मी बोलायची नाही, कारण सिद्धू तो असा खायचा की जगात याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

त्याला वाढदिवसाला बोलावणं आलं की आई त्याला घरून पोट भरून पाठवायची आणि माझ्यासोबत पाठवायची. केक कापायच्या वेळी मी त्याला बाहेरच्या ओट्यावर घेऊन बसायची. आत टाळ्या वाजायच्या, मेणबत्ती विझल्याचा वास यायचा, आणि मग यजमानीण बाहेर येऊन त्याच्या हातात फुगा द्यायची. एकदा तो फुगा घेऊन घरी आला आणि आईला म्हणाला, "माह्या वाढदिवसाले केक काऊन नसते?" आईनं मशीन थांबवलं. "या वर्षी करू," ती म्हणाली.

तिनं केक कधी केला नव्हता. आमच्या घरात ओव्हन नव्हता, गल्लीतच कोणाकडे नव्हता. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाशी मीठ पसरायचं, त्यावर ॲल्युमिनियमचा डबा ठेवायचा आणि मंद आचेवर भाजायचं, एवढं तिला एका गिऱ्हाईक बाईनं सांगितलं होतं. दुधाच्या जागी काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. आईनं पाण्यात केला तर तो विटेसारखा झाला. नारळ किसून, गरम पाण्यात वाटून, पंच्यात पिळून दूध काढलं तर मधे फुगला आणि मधूनच खाली बसला. लिंबाचा रस आणि सोडा किती, हे तिला जमेपर्यंत आमच्या घरात कितीतरी फसलेले केक झाले, आणि ते सगळे सिद्धूनं खाल्ले. बाबा म्हणायचे, "बे, दात सांभाळ." सरतेशेवटी एके दुपारी डबा उलटा केला आणि आतून जे निघालं ते मऊ होतं, बोटानं दाबलं की परत वर यायचं. आई कितीतरी वेळ त्याला नुसती दाबून पाहत होती.

सजवायचं काम माझं झालं. मी तेव्हा अकरावीत होते आणि लग्नाच्या घरी मेंदी काढायला जायची, त्यामुळे कोनावर माझा हात बसलेला होता. पिठीसाखर, नारळाचं दूध, लिंबाचे थेंब, एवढंच घोटून घट्ट करायचं. लाल हवा असेल तर बिटाचा रस, पिवळा हवा असेल तर चिमूटभर हळद. प्लास्टिकच्या नव्या कोनात भरायचं आणि मेंदीसारखंच काढायचं. सिद्धूच्या पहिल्या केकवर मी एसटी काढली, कारण त्याला बाबांच्या आगारातल्या गाड्यांचं वेड होतं. गल्लीतली सगळी पोरं आली आणि सिद्धूनं स्वतःच्या हातानं केक कापला. आज माझ्या स्वयंपाकघरात दोन मोठे ओव्हन आहेत, रंग बाटलीत मिळतात, बदामाचं दूध डब्यात मिळतं. पण तो खाली थोडा करपलेला, मिठाचा एखादा खडा लागलेला केक मला पुन्हा जमला नाही.

मग हळूहळू बाकीची माणसं यायला लागली. बाजारात बांगड्यांचं दुकान असलेले शेखचाचा आले, त्यांच्या नातीला अंडं चालायचं नाही. एका शिक्षिकेच्या मुलीला दूध चालायचं नाही. आई शिवणाच्या मधे वेळ काढून करून द्यायची. प्रत्येकाला आधी विचारायची, काय खाल्ल्यावर काय होते, आणि मगच हो म्हणायची.

वैशालीवहिनी आम्हाला भेटल्या त्या अकोल्याला, डॉक्टरीणबाईंच्या बाकावर. त्या आमच्याच गावातल्या, कृषी केंद्रवाल्यांची सून. गावात त्यांचं घर म्हणजे मोठं घर: दुकान, ट्रॅक्टर, दारात जीप. आम्ही बौद्धवाड्याच्या कडेला राहायचो. एकाच गावात राहून आईनं त्यांना कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बाकावर त्यांचा मुलगा वेदांत, तीन-साडेतीन वर्षांचा, सिद्धूच्या पायातल्या बुटाची लेस ओढत होता. वहिनी कडेला डोळे पुसत होत्या. तपासणीत वेदांतलाही दूध चालत नाही असं निघालं होतं. आईनं विचारलं, "किती जोरात येते त्याले?" वहिनी म्हणाल्या, "मागच्या वेळेस निळा पडला काकू." मग त्या दोघी तासभर बोलत बसल्या, भरती झालेल्या एखाद्या पेशंटचे नातेवाईक बोलतात तशा. इंजेक्शन वेदांतलाही लिहून दिलं होतं. वहिनींचे मालक, नितीन, म्हणाले की पुढच्या खेपेला घेऊ.

वेदांतच्या चौथ्या वाढदिवसाआधी वहिनींचा फोन आला. आवाज दबलेला. केक हवा होता, ट्रॅक्टर काढलेला. "काकू, राग नका मानू. घरी मी सांगतलं की अकोल्यातून मागवला. तुम्ही कोणाले बोलू नका." आईनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. बाबा जेवत होते. त्यांनी घास तसाच ठेवला.

"आपल्या घरचा म्हणून लपवून नेईन, अन तू करून देशीन?"

"लेकराले काय माहीत कोनाचं घर हाय ते," आई म्हणाली.

"लेकराले नाही माहीत. त्याच्या आजोबाले माहीत हाय."

"मंग मी काय करू? तो बी सिद्धूसारखाच ओट्यावर बसन."

बाबा ताटावरून उठले. हात धुऊन बाहेर निघून गेले.

मी त्या केकवर लाल ट्रॅक्टर काढला, मोठी मागची चाकं, धुराडं, आणि खाली 'वेदांत'. नितीन सकाळी बसस्टँडवर येऊन थांबले; मी डबा तिथं नेऊन दिला. त्यांनी तो जीपच्या सीटखाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता "थँक्यू" म्हणाले.

संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, आईचा फोन वाजला. मी उचलला. आधी नुसता गोंगाट, मग वहिनींचा आवाज, ओळखू न येण्यासारखा. "सुजाता, काकूले सांग इंजेक्शन घेऊन ये. पळत ये म्हना. पळत." आईनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, खिळ्यावरचा निळा डबा ओढला आणि चप्पल न घालता निघाली. मी मागे. बाजारातून, मारुतीच्या पारावरून, ती अशी पळाली की लोक बाजूला होत गेले.

त्यांच्या फाटकापाशी गर्दी होती. फुग्यांची कमान, लाइटची माळ, पत्रावळीत अर्धवट खाल्लेला चिवडा. आतून वहिनींचं ओरडणं ऐकू येत होतं. फाटकात वेदांतचे आजोबा उभे होते, बापूसाहेब. आईनं डबा दाखवला. "भाऊ, मले आत जाऊ द्या. एक सुई टोचली की श्वास मोकळा होईन."

बापूसाहेबांना तेवढ्यात कोणीतरी कानात सांगितलं होतं. ते म्हणाले, "केक तुमच्या घरचा होता म्हने."

"हाव. पन आधी पोराले..."

"तुमीच त्याले काय घातलं ते घातलं, अन आता सुई घेऊन आल्या?"

"मी हात लावत नाही. सुई भरून देते, तुम्ही टोचा. मी इथून सांगते, मांडीत टोचा, कपड्यावरून बी चालते." आईचा हात डब्यासकट त्यांच्यापुढे धरलेला होता. "भाऊ, वेळ नाही हो. हात जोडते."

नितीन मुलाला खांद्यावर घेऊन बाहेर आले. वेदांतचं डोकं मागे लटकत होतं. चेहरा सुजून डोळे दिसत नव्हते. अंगात नवा जरीचा कुर्ता. नितीन आईकडे पाहत थांबले, मग बापाकडे पाहिलं. बापूसाहेब म्हणाले, "गाडीत बस." ते बसले. वहिनी अनवाणी धावत येऊन मागच्या सीटवर पडल्यासारख्या बसल्या. आई जीपच्या बाजूनं पळत डबा खिडकीत सारत होती. "बाई, धरा, हे धरा." काच अर्धी वर होती. जीप वळली आणि आई रस्त्यावर गुडघ्यावर पडली. कोणी तिला उठवलं नाही. मी उठवलं.

खामगावचा रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला होता. वेदांत दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

हे लिहिताना मी उठून एकदा पाणी पिऊन आले. इतक्या वर्षांत आई त्या फाटकाबद्दल माझ्याशी एक वाक्य बोललेली नाही, आणि मीही कधी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं होतं की मेकॅनिकच्या बायकोनं केकमधून पोराला मारलं. पोलीस आले. मैदा, सोडा, साखर, कुकर, माझे कोन, सगळं पोत्यात भरून नेलं. आईला ठाण्यात बोलावलं. ती सकाळी जायची, बाकावर बसायची, संध्याकाळी परत यायची. मी सोबत असायची. शिवायला दिलेले ब्लाउज बायका अर्धवटच परत घेऊन गेल्या. शाळेत सिद्धूच्या डब्याकडे बोट दाखवून पोरं "जहर, जहर" ओरडायची. तो घरी येऊन सांगायचा नाही, पण डबा भरलेला परत यायचा. शेवटी बाबांनी त्याला शाळेत पाठवणं बंद केलं. शेखचाचा मात्र एकदा उघडपणे दारात आले, खुर्ची मागून घेतली आणि रस्त्यावरून दिसेल असे ओट्यावर बसून राहिले. "हम खाते आए हैं इनके हाथ का," येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते. लोक ऐकायचे आणि पुढे जायचे.

आईनं जेवण जवळजवळ सोडलं होतं. एकदा मी तिला मशीनपाशी नुसती बसलेली पाहिली. ती स्वतःशीच मोजत होती: मैदा, नारळ, तेल, साखर, सोडा, लिंबू. पुन्हा मैदा. मी म्हटलं, "आई, काय करून राह्यली?" ती म्हणाली, "दूध कुठून गेलं असन त्याच्यात, ते पाहून राह्यली." तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. गावानं म्हटलेलं मला सहन झालं असतं, पण आई ते खरं मानायला लागली होती.

वेदांतची तेरवी झाल्यावर एका दुपारी आम्ही ठाण्यातल्या बाकावर बसलो होतो आणि वैशालीवहिनी आत आल्या. सोबत त्यांचे वडील होते, वडनेर भोलजीचे, धोतर-टोपीतले साधे शेतकरी. मागून धापा टाकत नितीन आणि बापूसाहेब. वहिनींचे ओठ फाटलेले होते, केस कसेतरी बांधलेले. त्या जमादारांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"मले बयान द्यायचं हाय."

"सूनबाई, घरी चाल," बापूसाहेब म्हणाले. "दुःखात माणूस काहीबाही बोलते."

वहिनींनी वळून पाहिलं नाही. "काकूचा केक कापलाच नाही, साहेब. तो फ्रिजमध्ये हाय. आजबी हाय. त्याच्यावर सुरी लागली नाही. खामगावच्या बेकरीतून मोठा केक आनला होता पाहुण्यांसाठी, क्रीमचा. तो कापला. अन आमच्या माईंनं, माह्या सासूनं, त्याच्यातली क्रीम त्याच्या तोंडात घातली."

बापूसाहेब म्हणाले, "प्रेमानं घातली. आजी हाय ती."

"हाव, प्रेमानंच घातली," वहिनी म्हणाल्या. "पन घातली. अन या बाईले तुम्ही दारातून हाकललं. लिहा साहेब, हे बी लिहा."

जमादारांनी लिहिलं. त्याच दिवशी त्यांच्या फ्रिजमधून डबा आणला गेला. मी तो उघडताना पाहिला. ट्रॅक्टरचा रंग बाजूला पाझरला होता, साखरेला पाणी सुटलं होतं, पण केक अख्खा होता. आईनं पदर तोंडावर घेतला आणि ती रडली, इतके दिवस न रडलेली, तिथंच, सगळ्या पोलिसांसमोर. वहिनी तिच्याजवळ आल्या नाहीत. वडिलांच्या मागे निघून गेल्या, ठाण्यातूनच, माहेरी. त्या घरात परत गेल्या नाहीत.

प्रकरण मिटलं. अपघात म्हणून मिटलं. आमच्या वस्तू पोत्यातच परत आल्या, मैद्यात किडे झालेले. कोणी येऊन माफी मागितली नाही. बायका एकेक करून ब्लाउज घेऊन यायला लागल्या, जणू मधे काही झालंच नव्हतं, आणि आई मापं घ्यायला लागली. केक मात्र तिनं बंद केला. त्या वर्षी सिद्धूचा वाढदिवस आला आणि गेला. त्यानं मागितला नाही. तेव्हा त्याला आठवं लागलं होतं. काय मागायचं नाही हे त्याला कळायला लागलं होतं.

पुढच्या वर्षी, एका सकाळी, दारात वैशालीवहिनी उभ्या. एकट्या, हातात कापडी पिशवी, सुती साडी. आईनं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मग वहिनी म्हणाल्या, "आज त्याचा वाढदिवस हाय, काकू. मी तुमचा केक खाल्लाच नाही कधी. पिशवीत नारळ आनला हाय."

आई उठली. तिनं काही विचारलं नाही. कुकर काढला, मीठ पसरलं. नारळ वहिनींनीच फोडला आणि किसला. मी कोन भरला आणि थांबले. काय काढू ते विचारायची हिंमत होईना. वहिनी म्हणाल्या, "काही नको काढू. साधाच राहू दे." तो गरम असतानाच आम्ही कापला, मेणबत्ती न लावता. त्यांनी एक तुकडा सावकाश खाल्ला. मग दुसरा घेतला. "गोड हाय," म्हणाल्या, एखादी नवी भाजी खाऊन सांगावं तसं. सिद्धू दारात उभा होता. आईनं त्याला वाटीत वाढलं. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. नांदुऱ्याच्या एसटीला वेळ होता. कृषी केंद्र तिथून समोरच दिसायचं. शटर अर्धं उघडं होतं, आत बल्ब जळत होता. वहिनींनी तिकडे पाठ केली नाही. सिमेंटच्या बाकावर बसून त्या एकदम बोलायला लागल्या.

"सुजाता, मी तिथंच होती. माईंचा हात मले दिसला. बोटावरची क्रीम दिसली. एवढ्या अंतरावर होती मी." त्यांनी हात लांब करून दाखवला.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही काय करणार होत्या?"

"ओरडता आलं असतं ना. नाही म्हनता आलं असतं." त्यांनी हात मांडीवर ठेवला. "सगळे मोबाइलवर फोटो काढून राह्यले होते. पाहुणे होते, माई हसून राह्यल्या होत्या. मी मनात म्हटलं, आता ओरडली तर चारचौघांत माईंचं तोंड पडन. फोटो होऊ दे, मंग लगेच त्याचं तोंड पुसून घेते. एवढंच आलं मनात. फोटो होऊ दे."

एसटी आली. लोक दाराकडे धावले. वहिनींनी पिशवी काखेत घेतली आणि उठल्या.

"फोटो लय चांगला आला," त्या म्हणाल्या. "हसून राह्यला त्याच्यात."

गाडी खचाखच भरली होती. त्यांना बसायला जागा मिळाली नाही. वरच्या दांडीला धरून, गर्दीत उभ्या उभ्याच त्या गेल्या.